काकांच्या आवाजातला जमाखर्च

"वाचून घ्या, मंग घडी करा."

पावती फाडली की काका हे म्हणणारच. समोरच्यानं अकरा रुपये दिले असोत की अकरा हजार, पावती दोन्ही हातांनी पुढे करायचे आणि तो वाचेपर्यंत पेनाला टोपण लावायचे नाहीत. एखादा घाईत तशीच खिशात कोंबायला लागला की त्याचा हात धरायचे. "थांबा ना. नाव तुमचं हाय, पैसा तुमचा हाय. पाहाले काय जाते?"

असा माणूस तुम्हीही कुठं ना कुठं पाहिला असेल, आणि त्याच्यापुढं उभं राहून मनातल्या मनात घड्याळही पाहिलं असेल.

मेहकरातल्या आमच्या संस्थेत काका हिशेब लिहायचे. संस्था धर्मकार्याची. देवस्थानच्या जमिनी वाचवा, देवळापाशी दारूचं दुकान नको, यासाठी मोर्चे, निवेदनं, व्याख्यानं. आधी ते कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. रिटायर झाल्यावर बीबी या आपल्या गावाहून एसटीनं यायचे. मी तिथला माईकवाला. शाळेत मास्तरांच्या नकला करून मार खायचो, इथं त्याच तोंडाचे पैसे मिळत होते.

काकांची नक्कल म्हणजे तर फुकटचा माल. उभा जन्म व्हाउचर लिहिण्यात गेल्यामुळं आकडा बोलला की त्यांच्या तोंडून मागं 'अक्षरी' निघायचंच. चहाच्या टपरीवर सांगायचे, "दोन कट दे बे. अक्षरी दोन फक्त." मी त्यांच्यासमोरच करून दाखवायचो. घसा दोनदा साफ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ते शांतपणे पाहायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय. पन मान एवढी नाही हालवत मी."

वर्षाच्या मेळाव्यात पंगत बसायच्या आधी काका जमाखर्च मोठ्यानं वाचायचे. सगळा. मांडवाची सुतळी, पत्रावळी, निवेदनाच्या झेरॉक्स. भाताचा वास येत असायचा, पोरं कुरकुरायची, तरी लोक बसून राहायचे.

दादा, म्हणजे आमचे अध्यक्ष, भाषणात एक वाक्य हमखास म्हणायचे. "मी या संस्थेचा कपभर चहा बी पेत नाही." टाळ्या. आणि ते खरंही होतं. मग एका वर्षी कार्यकारिणीनं ठराव केला आणि दादांना मानधन सुरू झालं. महिना नव्वद हजार. डिझेल अन् ड्रायव्हर वेगळे. भाषणातलं वाक्य मात्र तसंच राहिलं.

त्या वर्षीच्या मेळाव्याच्या आधी दादांनी काकांना आत बोलावलं. मी तिथंच सत्काराच्या नारळांना हळदकुंकू लावत बसलो होतो.

"काका, मानधन, डिझेल, ऑफिसचं भाडं, सारं एकाच ओळीत टाका. व्यवस्थापन खर्च म्हना. उगाच गैरसमज होते लोकाइचा."

"घ्या ना तुम्ही, दादा. पोट साऱ्याइलेच असते. पन सांगून घ्या."

"सांगू ना. पुढं कधी."

"मंग मीच वाचतो. तेवढंच तं काम हाय माझं."

काका गेल्यावर दादा माझ्याकडं वळले. "तू मेळाव्यात काकाची नक्कल करजो. ते वाचून राह्यले की मधात मधात. लोकं कंटाळतात बे." मग म्हणाले, "तुले बी कायम करून टाकू औंदा."

मला त्यातलं काही कळलं नव्हतं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. कळलं होतं.

मेळाव्यात काका कागद घेऊन उभे राहिले. पहिल्या दोनचार ओळींना मी दुसऱ्या माईकवरून नुसतं "अक्षरी" म्हणालो. मांडव हसला. काकाही हसले. मग पोरं ओरडायला लागली, अक्षरी, अक्षरी. काकांनी पुढची ओळ घेतली, "अध्यक्षांचं मानधन," आणि मी घसा दोनदा साफ केला. एवढा हशा आला की आकडा मलाच ऐकू आला नाही, आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो.

ते थांबले. हसू ओसरू दिलं. ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. मी पुन्हा तेच केलं. तिसऱ्यांदा त्यांनी कागदाकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. मी माईक तोंडाशी धरला आणि म्हणालो, "चला मंडळी, पंगतीले बसून घ्या."

लोक उठले. काका उभेच होते. खालच्या दोन ओळी त्यांनी पाठमोऱ्या लोकांसमोर वाचून संपवल्या.

दुसऱ्या दिवशी हिशेबाच्या कपाटाच्या किल्ल्या कोणाच्या तरी हातानं आल्या. काका आले नाहीत. महिन्याभरानं मी बीबीला गेलो, माफी मागायची म्हणून. काकूंनी चहा दिला. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "कर ना माही नक्कल. हिनं पाह्यलीच नाही."

मी केली. सुतळी, पत्रावळी. काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मी थांबलो.

"पुढचं?" काका म्हणाले.

त्यांच्याच आवाजात मी ती ओळ वाचली. महिना नव्वद हजार, अक्षरी नव्वद हजार फक्त.

काकूंचं हसू थांबलं. "एवढे? दादा तं चहा बी पेत नाही म्हने. म्हनून तं मी शिलाईच्या पैशातून संस्थेले एकशे एक देतो दरसाली." मग काकांकडं वळून, "तुम्हाले माहीत होतं?"

"होतं ना. पन सभेच्या आंधी घरात सांगनं बराबर नव्हतं."

"अन् सभेनंतर?"

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "तिथं लोकाइले नाही सांगता आलं. मंग तुले कोन्या तोंडानं सांगू?"

माफी मागायची राहूनच गेली. काका मला फाट्यापर्यंत सोडायला आले, एसटीत जागा मिळाली का ते खिडकीतून वाकून पाहिलं.

काका माघात गेले. मला तारीखसुद्धा उशिरा कळली.

औंदा मेळाव्यात जमाखर्च माझ्याकडं होता. मी आता कायम आहे. कागद छोटा, त्यात एक मोठी ओळ, व्यवस्थापन खर्च. मी वाचायला उभा राहिलो तर मागून कोणीतरी म्हणालं, "काकाच्या आवाजात होऊ दे बे." दादा स्टेजवरून माझ्याकडं पाहून हसले.

मी घसा दोनदा साफ केला आणि ती ओळ काकांच्या आवाजात वाचली. मान जास्त हलू दिली नाही. उभ्या जन्मात त्या आवाजात कधी खोटं बोललं गेलं नसेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि वन्समोर मागितला.