अनुभव : नाही

सोमवारी लोणखेड्याजवळच्या एका केळीच्या पॅकहाऊसमध्ये इंटरव्ह्यूला गेले होते. चार महिन्यांतला सातवा...

विनाअनुदानित शाळेत अकरा वर्षं गणित शिकवलं. तुकडी बंद झाली आणि मी घरी बसले. आता शाळा नको, दुसरं काहीतरी करायचं हे पक्कं ठरवलं होतं. पण जिथे जाईन तिथे एकच उत्तर... मॅडम, तुम्हाला या कामाचा अनुभव नाही. एकाने तर घरी ट्यूशन घ्यायचा फुकट सल्लाही दिला. राग आला, पण दुसऱ्याच दिवशी पुढचा अर्ज टाकला. मी तशी चिवट आहे.

इथे क्वालिटी सुपरवायझरची जागा होती. फॉर्मवर 'शेतीतील अनुभव' असा रकाना होता. मी बिनधास्त लिहिलं, 'नाही'.

मॅनेजरांनी फॉर्म वाचला, मान हलवली आणि कळवतो म्हणाले. या 'कळवतो'चा अर्थ मला आता पाठ झालाय... मी उठले.

टेबलाशेजारी केळीच्या फण्यांचं क्रेट होतं. सवयीने एक फणी उचलून बघितली आणि तोंडातून निघून गेलं, की हा घड आठवडाभर लवकर कापलाय. केळाच्या कडा अजून टोकदार होत्या, फळ भरलंच नव्हतं. मॅनेजर एकदम अहिराणीवर आले.

"ताई, तुमना घर घड कवय कापाना, हाई कोन ठरावस?"

"कधी कापायचा ते मीच ठरवते."

सासऱ्यांचे, म्हणजे आप्पांचे गुडघे गेले तेव्हापासून प्रकाशा गावातला आमचा केळीचा मळा मीच बघते. शाळेच्या आधी पाणी, शाळेनंतर घडांची पाहणी. सहा वर्षं झाली. पण आमच्याकडे घरच्या शेतात राबण्याला कोणी काम म्हणतच नाही... ते 'घरचं' असतं. मीही म्हणत नव्हते.

त्यांनी फॉर्म परत माझ्यापुढे सरकवला, वर पेन ठेवलं. "मंग हाऊ अनुभव नही त काय शे?"

मी 'नाही' खोडून 'सहा वर्षे' लिहिलं. मग त्यांनी तासभर क्रेट तपासायला लावले. ते मला मुलांच्या वह्या तपासण्यापेक्षा सोपं गेलं, खरंच सांगते. एक तारखेपासून रुजू व्हायचंय.

घरी येऊन बातमी दिली. सासूबाईंनी लगेच साखर हातावर ठेवली. आप्पा मात्र खाटेवरच बसून होते. तिथूनच म्हणाले, "आते मन्हं वावर कोन देखी?"

रविवारी मळा मीच बघेन, बाकीच्या दिवसांसाठी माणूस ठेवू आणि त्याला मी शिकवीन, असं मी सांगितलं.

नोकरी मिळाल्याचा आनंद आहेच... पण सहा वर्षांत पहिल्यांदा घरात कोणालातरी माझी जागा रिकामी झालेली दिसली. आप्पा, त्या एका प्रश्नासाठी तुमचे मनापासून आभार.