चार वर्षांची चोर

"हात चालला बघा."

प्रकल्पाचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले आणि काचेमागच्या अंधाऱ्या खोलीतले सगळे हसले. मी सोडून.

काचेपलीकडे चार वर्षांची मुलगी बसली होती. हडपसरच्या पुढे कालव्याच्या कडेला आम्हा पारध्यांची पालं आहेत, तिथली. समोर ताटलीत एक बिस्किट. मुलांच्या वाढीवरच्या आमच्या संशोधनातली ही साधी चाचणी. मुलाला सांगायचं, मी येईपर्यंत खाऊ नकोस, मग दोन मिळतील. मूल थांबलं तर त्याचा स्वतःवर ताबा आहे. हात लावला की नापास.

मुलीनं बराच वेळ नुसतं पाहिलं. मग बिस्किट उचललं, फ्रॉकच्या घेरात गुंडाळलं आणि पुन्हा गप्प बसली. तोंडात कणही घातला नाही.

मी आत जाऊन आमच्या बोलीत विचारलं. म्हणाली, भावाला ठेवलंय.

बाहेर येऊन मी ते सांगितलं. सर चहा ढवळत होते. "अहो, चोरीलाही कारण असतंच की. रक्तात असतं ते." मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं, "आपण मनाला लावून घेऊ नका. आपण अपवाद आहात."

अपवाद. बालरोगतज्ज्ञ झाले. मुलं कधी बसतात, कधी बोलतात, कशानं खुंटतात, यात उमेदीची वर्षं घातली. आणि यांच्या लेखी मी कोण, तर चोरांतून चुकून सुटलेली एक.

बिबवेवाडीत माझ्या दारावर फक्त नाव आहे, आडनाव नाही. शेजारणी गाव विचारतात, मी तालुका सांगते. पालांवर गेले की बायका माझ्यासाठी चादर अंथरतात आणि आपसातलं बोलणं थांबवतात. इथेही पाहुणी, तिथेही पाहुणी. दुपारचा डबा एकटीनं खायचा. एवढ्या मोठ्या पुण्यात जवळचं म्हणावं असं माणूस नाही. फार एकटं वाटतं.

मुलीला घेऊन मी बाहेर आले. तिची आई दाराबाहेर फरशीवर बसली होती, मांडीवर धाकटा. शेजारी खुर्च्या रिकाम्या. आतलं हसणं तिनं ऐकलं असावं. मला आमची बोली येते हे तिला माहीत होतं. तरी ती मराठीतच बोलली, साहेबांशी बोलतात तशी.

"बाई, पोरीनं काय उचललं का?"

मी तोंड उघडायच्या आत तिनं मुलीचा फ्रॉक झटकला. बिस्किट पडलं. पाठीत धपाटा बसला. मुलगी रडली नाही. आई हात जोडून म्हणाली, "पोलिसाला नका सांगू. ल्हान हाय."

चार वर्षांच्या मुलीसाठी पोलिसांची भीती. माझा संताप झाला. मी मुलीला उचलून घेतलं, आईला खुर्चीवर बसवलं. आमच्या बोलीत सांगितलं, तुझ्या लेकीनं काही चोरलं नाही. तिनं मान हलवली. तिला खरं वाटलं नाही.

मी परत आत गेले.

"शून्य लिहा मॅडम, पुढचं मूल घ्या," सर म्हणाले.

"लिहिणार नाही."

"नियम आपल्याला माहीत आहे."

"आहे. परवा खराडीच्या टॉवरमधल्या मुलानं बिस्किट चाटून परत ठेवलं. तुम्ही म्हणालात, दमलाय बिचारा, उद्या पुन्हा घेऊ. त्याचं रक्त तुम्हाला आठवलं नाही."

आता कुणी हसलं नाही.

"प्रकल्पात आपण माझ्या सहीनं आहात," सर हळू आवाजात म्हणाले.

"माहीत आहे. आणि मी अपवाद नाही. मी त्याच पालांतली आहे."

संस्थेच्या नीतिसमितीकडे तक्रार केली. साक्षीला कोण? खोलीतली एक कनिष्ठ डॉक्टर जिन्यात भेटली. "मॅडम, तुमचं पटतं हो. पण माझी पीएचडी सरांकडेच आहे." मग दुसऱ्या जिन्यानं जायला लागली.

उद्या समितीपुढे एकटीच उभी राहीन. पद जाईल, जाऊ दे. शोधनिबंधातून नाव काढतील, काढू देत. मला मुलं तपासता येतात, ते कुणाच्या सहीनं आलेलं नाही. पण यापुढे माझ्यादेखत आमचं मूल चोर म्हणून मोजलं जाणार नाही. कुणी मोजलंच, तर मोजणाऱ्याचं नाव मी चारचौघांत घेईन. आणि माझं सांगताना आडनावासकट सांगेन.