बसवनगुडीची निळी दोरी

प्रमोदिनीने आयुष्यात कधी कुणाला विचारलं नाही, की परत कधी येणार.

तिचा नवरा उमाकांत एकतीस वर्षं बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होता. सकाळी डबा घेऊन कारखान्याच्या बसकडे निघायचा, आणि ही दारात उभी राहून नुसती मान हलवायची. मित्रांमध्ये तो मिरवायचा, "आमच्या घरी चौकशी आयोग नाही हं." मित्र जळायचे. बाई शांत स्वभावाची आहे असं त्यांना वाटायचं. शांत कुठली! बसवनगुडीच्या गांधी बझारात पालेभाजीवालीशी कन्नडमध्ये भांडताना तिचा आवाज देवळापर्यंत जायचा. पण कुणी उंबरा ओलांडला, की तिच्या जिभेला कुलूप.

ते कुलूप खारकोंडला लागलं होतं. खारकोंड म्हणजे तिचं माहेर, मालवणच्या खालचं, खाडीच्या तोंडावरचं चाळीस घरांचं गाव. मे महिन्यात तिथे पोरांना घर माहीतच नसायचं. सकाळी होडीत, दुपारी खाडीत, संध्याकाळी वाळूत. पेडवे मासे मिळाले की चुलीवरच्या तव्यावर, फणस कापला की त्याच्या आठळ्या त्याच चुलीच्या राखेत. बाबांची होडी उलांडीची. उलांडी म्हणजे होडीच्या एका अंगाला दोन आडव्या बांबूंनी बांधलेला लाकडी ओंडका. तो पाण्यावर टेकलेला असतो, म्हणून अरुंद होडी कलंडत नाही. प्रमोदिनी त्या बांबूवर पाय सोडून बसायची आणि गळ टाकून बांगड्याची वाट बघायची. समुद्राची भीती म्हणजे काय, ते तिला माहीत नव्हतं.

गावात एक नेम होता. होडीकडे निघालेल्याला मागून हाक मारायची नाही, आणि कधी येणार ते विचारायचं नाही. बायका विचारत नसत, म्हाताऱ्या विचारत नसत. नऊ वर्षांच्या प्रमोदिनीने एका सकाळी विचारलं. फणस कापायचा होता, बाबांशिवाय कापायचा नव्हता, एवढंच कारण.

"बाबा, कधी येतलास?"

बाबा हसले. "जेवणाक."

त्यांचं ताट तीन दिवस झाकलेलं राहिलं. चौथ्या दिवशी आईने ते उचललं आणि त्या एकाच वेळी मुलीला म्हणाली, "इचारलंस कित्याक गो?"

बस. पुन्हा कधी विषय नाही. आई गेली, त्यालाही वीस वर्षं झाली. तो प्रश्न मात्र प्रमोदिनीच्या घशात तसाच आहे. बंगळूरचं स्थळ आलं तेव्हा तिने भावाच्या शाळेच्या पुस्तकातला नकाशा काढून समुद्र किती लांब आहे ते बोटाने मोजलं आणि हो म्हणाली. नवऱ्याने हा किस्सा कधी ऐकला नाही. त्याला वाटतं, त्याचा फोटो आवडला.

तरी दर मे महिन्यात ती खारकोंडला जायचीच. भाऊ खंडोजी होता, वहिनी होती, मुलाला मामाचं घर कळायला हवं होतं. सगळे होडीत बसले की ही किनाऱ्यावर मासे साफ करत बसायची आणि दर दोन मिनिटांनी डोकी मोजायची. एक, दोन, तीन, चार. परत एक.

या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा डोकी मोजायला कुणी नव्हतं. मुलगा मकरंद नऊ वर्षांच्या ऋचाला घेऊन गेला. सून केतकीला मारतहळ्ळीच्या ऑफिसने रजा दिली नाही. प्रमोदिनीने पिशवी भरून दिली: कॉफीपूड, कडबोळ्यांसारखे कोडुबळे, आणि वहिनीला सुके मासे टांगायला गांधी बझारातली निळी नायलॉनची दोरी, चांगली वीस मीटर.

मेच्या अखेरच्या आठवड्यातला बुधवार. सकाळी आठला मकरंदचा व्हिडिओ आला, मागोमाग त्याचं लोकेशन. नकाशावर निळा ठिपका, खाडीतून बाहेर सरकणारा.

"आई, बघ! कॅप्टन ऋचा! आज फिश करी आमच्याकडून!"

व्हिडिओत ऋचा हसत होती, दात पडलेला, हातात गळ. मागे पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत.

"किती छान," उमाकांत चष्मा सरकवत म्हणाला. "मक्याला होडी चालवता येते, मला माहीतच नव्हतं."

"येते कुठे? तळ्यावरची पायडल बोट चालवलीय त्याने. बदकाच्या तोंडाची." प्रमोदिनी फोन डोळ्यांजवळ नेत म्हणाली. "खंडू कुठाय यात?"

"असेल गं मागे."

मागे नव्हता. पुढेही नव्हता. त्या होडीत दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक तिसरीतून चौथीत गेलेलं.

या शहरात तळ्याला कुंपण घालतात, तिकीट लावतात, केशरी जॅकेट चढवून अर्धा तास फिरवून आणतात, आणि माणसाला वाटतं आपल्याला पाणी कळलं. मकरंदला तसंच वाटलं होतं. प्रमोदिनीची नजर मात्र त्या गुळगुळीत पाण्यावर अडकली. मे संपताना समुद्र असा सकाळी झोपल्यासारखा पडतो आणि दुपारी उठतो. उठतो तेव्हा सांगत नाही.

फोन करावा का? होडीत असलेल्याला फोन म्हणजे मागून हाकच की. तिने फोन पालथा ठेवला.

साडेनऊला उचलला. ठिपका खाडीच्या तोंडापासून बराच आत समुद्रात गेला होता. दहाला परत उचलला. ठिपका तिथेच. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, शेवटची नोंद बावीस मिनिटांपूर्वीची.

"अहो, हा हलत नाहीये."

"नेटवर्क नसेल. स्वल्प थांब गं."

"किती थांबू?"

"मासे धरतायत. मासे धरताना माणूस हलतो का?"

तेवढ्यात केतकीचा फोन. "आई, ऋचाला टोपी घालायला सांगा ना. मकरंद उचलत नाहीये. परत कधी येणार म्हणाले?"

सून किती सहज विचारून गेली. प्रमोदिनीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "येतील," ती म्हणाली. "घालते टोपी. म्हणजे, सांगते." फोन ठेवताना तिच्या लक्षात आलं, की या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नाही. तिने विचारलं नव्हतं, आणि मकरंदने सांगितलंही नसणार. या घरात जाताना वेळ सांगायची पद्धतच नव्हती. तिनेच ती पडू दिली नव्हती.

तिने व्हिडिओ परत लावला. ऋचाचं हसू. गळ. उलांडी. परत लावला. तिसऱ्यांदा तिने हसणाऱ्या नातीकडे बघितलंच नाही, उलांडीकडे बघितलं. बांबू ओंडक्याला जिथे बांधतात, तिथे काहीतरी निळं होतं.

तिने बोटांनी चित्र मोठं केलं.

"उमाकांत." नवऱ्याला ती नावाने कधी हाक मारत नसे. तो स्वयंपाकघरातून धावत आला.

"ही माझी दोरी आहे."

"कुठली?"

"मी दिलेली. मासे टांगायला. यांनी उलांडी नायलॉनने बांधलीय."

"मग? नायलॉन मजबूत असतं. आम्ही कारखान्यात..."

"खड्ड्यात गेला तुमचा कारखाना! उलांडी काथ्याच्या सुंभाने बांधतात. सुंभ भिजलं की आवळतं, हे भिजलं की सरकतं. मे अखेरीला होड्या वर ओढतात, खंडूने जुनं सुंभ सोडून ठेवलं असणार. आणि आपल्या शहाण्याने दिसली ती दोरी घेऊन गाठ मारली."

उमाकांतचा चेहरा हळूहळू उतरला. एकतीस वर्षं नटबोल्ट तपासलेला माणूस, सुटणारी गाठ म्हणजे काय ते त्याला सांगावं लागलं नाही. ओंडका निसटला, की ती होडी म्हणजे पाण्यात उभी धरलेली फळी.

तिने खंडोजीला फोन लावला. पहिल्या वेळी उचलला नाही. दुसऱ्या वेळीही नाही. तिसऱ्या वेळी मागे बाजाराचा गलका ऐकू आला.

"काय गो बाय? गुडघो कसो आसा?"

तिच्या घशात त्रेपन्न वर्षं अडकलेली गोष्ट होती. विचारलं तर? विचारल्यावर काय होतं, ते तिने एकदा बघितलं होतं. तिने समोर बघितलं. उमाकांत दोन्ही हात जोडून उभा होता, देवासमोर उभा राहावा तसा.

"खंडू," ती म्हणाली, "ती दोघां कधी येतले?"

"कोण दोघां?"

"मकरंद आनि चेडू. होडी घेवन गेलीत."

पलीकडचा गलका तसाच चालू होता. त्यावर खंडोजी ओरडला.

"माझी होडी? गो, तिची उलांडी सोडून ठेवलेली आसा. मी सुंभ घेवक बाजारात इलंय."

"निळ्या दोरीन बांधल्यान. ठिपको अर्धो तास हलूक नाय. धाव रे, खंडू, धाव!"

फोन कापला गेला. पंख्याचा आवाज, खालून रिक्षाचा हॉर्न. प्रमोदिनी भिंतीला टेकून बसली. गुडघा वाकायला नको होता, तरी वाकला. आपण विचारलं. बोलून गेलो. नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं होतं तेव्हा तिला माहीत नव्हतं. आता तर माहीत असून विचारलं.

"पाणी देऊ?" उमाकांत म्हणाला.

"पाण्याचं नाव काढू नका."

त्याने शेजारी फरशीवर बसून तिचा हात धरला. तिने तो झटकला, मग स्वतःच परत धरला. केतकीचे दोन फोन वाजून थांबले. अकरा वाजले. अकरा वीस झाले. खारकोंडला आता वारा उठला असेल, नारळाच्या झावळ्या एका दिशेला झुकल्या असतील, हे तिला बसवनगुडीच्या फरशीवर बसून दिसत होतं.

अकरा चाळीसला वहिनीच्या नंबरवरून फोन आला. प्रमोदिनीने तो नवऱ्याकडे सरकवला. उमाकांतने स्पीकर लावला.

आधी नुसता वाऱ्याचा घुं घुं आवाज. मग बारीक, कुडकुडता सूर. "आजी?"

प्रमोदिनी फोनकडे सरकली.

"आजी, माझा गळ हरवला. आणि बाबाचा फोन पण. बाबाने मला त्या लाकडावर बसवलं, तो पाण्यात होता. मामाआजोबा शेजारच्यांची इंजिनची बोट घेऊन आले. ते बाबाला खूप ओरडले. वाईट शब्द."

"चांगलं केलं," आजीला एवढंच सुचलं. "अजून ओरडायला सांग."

मग मकरंद आला. त्याच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द निघाला नाही. "आई, कुणी बघत नव्हतं गं. किनाऱ्यावर कुणालाच माहीत नव्हतं. अजून थोडा वेळ गेला असता तर माझा हात..."

खंडोजी मागून म्हणाला, "बाय, तू इचारलंस म्हणान गो." त्याला त्या जुन्या सकाळचं काही ठाऊक नव्हतं. तेव्हा तो पाळण्यात होता.

केतकीला फोन करून झाला. तिचं रडून झालं, मकरंदला शिव्या घालून झाल्या, आणि ती रात्रीच्या बसचं तिकीट काढायला लागली. प्रमोदिनीने तोंड धुतलं. कॉफी करायला गेली, तर दूध नासलेलं. सकाळपासून बाहेरच राहिलं होतं.

"आणतो," उमाकांतने पिशवी घेतली, चपला सरकवल्या. दार उघडलं.

"अहो."

तो उंबऱ्यात थांबला.

"परत कधी येणार?"

त्याने वळून तिच्याकडे असं बघितलं, की जणू घरात दुसरीच कुणी बाई उभी आहे. "अं? दूधच तर आणायचंय. दहा मिनिटांत."

"दहा?"

"सरी," त्याने कन्नडमध्ये होकार दिला, "दहा."

तो जिना उतरला. प्रमोदिनी काठी टेकत गॅलरीत आली. हातातल्या घड्याळात एक वाजायला पाच मिनिटं कमी होती. खाली रस्ता रोजचाच, पार्क केलेल्या गाड्या, उन्हात झोपलेला कुत्रा. एक वाजला. एक वाजून पाच मिनिटं. ती कठड्यावरून खाली वाकली. सहा. सात. कोपऱ्यापर्यंत मिनिटभराची वाट, दुकान त्याच्या पलीकडे. आठ. गाडी आली असेल. चक्कर आली असेल. आपणच विचारलं.

एक वाजून नऊ मिनिटांनी तो कोपऱ्यावर दिसला. दुधाची पिशवी बोटाला लटकवून शहाळेवाल्या शिवाप्पाशी निवांत गप्पा मारत उभा होता.

"अहोऽऽ!" ती ओरडली, तशी अख्ख्या गल्लीतल्या गॅलऱ्यांत माणसं आली. "दहा मिनिटं म्हणाला होतात ना!"