आबांनी चढवलेले स्वेटर

नातीच्या स्वेटरला आज डांबरगोळ्यांचा वास आला आणि भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली एक सकाळ आठवली. आई जळगावच्या दवाखान्यात होती. आम्हा दोघी बहिणींना शाळेसाठी तयार करायची वेळ आबांवर, म्हणजे आमच्या वडिलांवर, पहिल्यांदाच आली होती. बटणं लावताना त्यांची बोटं अडखळत होती. सवय नसेल, असं मला वाटलं. आईचं काय होईल या भीतीनं त्यांचं लक्षच लागत नव्हतं, हे आता कळतं.

थंडी बाधू नये म्हणून त्यांनी मला एकावर एक तीन स्वेटर चढवले.

"आबा, हात खालीच जात नाहीत!"

धाकटी खळखळून हसली. मग आबाही हसले. कितीतरी दिवसांनी घरात हसू ऐकू आलं होतं.

महिन्याभरात आई बरी होऊन आली. तरी आम्हाला तयार करायचं काम आबांनी काही तिला परत दिलं नाही.