मोतीलालच्या बोडीतली रिकामी टरफलं

आसगावच्या पुढच्या एका गावात मोतीलाल राहतो. वय बावन्न. पाण्यावरचा बुडबुडा पाहून खाली रोहू आहे की कतला, हे तो सांगतो. यंदा मासेमारांच्या सोसायटीने गावाबाहेरची बोडी, म्हणजे लहानसा तलाव, झिंगे वाढवायला त्याच्याकडे दिली ती याच भरवशावर. झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी, कसे पाळायचे हे शिकवायला मत्स्य विभागाकडून मी गेलो होतो. सोसायटीची अट एकच होती. झिंगे जगले नाहीत, तर बोडी मोतीलालकडून परत घ्यायची.

मोतीलाल पहिल्या दिवसापासून गोंधळला. खाद्य टाकलं की मासे वर येतात, तोंड दाखवतात. झिंगे वर येतच नव्हते. आपण रोज नुसत्या पाण्याला जेवू घालतो की काय, असं त्याला वाटायचं.

धानकापणीच्या दिवसांत एका सकाळी पाळीजवळ, म्हणजे बोडीच्या बांधाजवळ, झिंग्यांची टरफलं दिसली. मिशा, पाय, सगळं जिथल्या तिथे, पण आत मांस नाही. वासही नाही. मेलेला मासा फुगतो, तरंगतो, घाण मारतो. हे कसलं मरण?

मासे मरू लागले की उरलेले जिवंत असतानाच ओढून काढायचे, ही इथल्या मासेमारांची रीत. त्याने तेच केलं. सोसायटीचा अध्यक्ष बाबूलाल आणि एक सभासद कैलाश जाळं घेऊन आले. पहिल्या ओढीत झिंगे आले खरे, पण कितीतरी मऊ होते आणि जाळ्यातच चिरडले.

"मोतीभाऊ, तुमी झिंगे पोसले का शेवया?" बाबूलाल म्हणाला.

सडले म्हणावे, तर काहींचे पाय हलत होते.

कापणीवरून परतणारी मोतीलालची बायको सखाबाई पाळीवर थांबली. तिने एक मऊ झिंगा तळहातावर घेतला.

"कायले ओढून राहिले जी? कात टाकली यानं."

"कात साप टाकते."

"अन् खेकडा? दरसाल धानाच्या बांधीतून आणतो आमी. एखादा असाच मऊ निघते. तुमाले रस्सा तेवढा माहीत."

कैलाश हसला. बाबूलालने दोर धरूनच विचारलं, "दुसरी ओढ घ्याची का नाई?"

मोतीलालला सुचेना. थांबावं आणि सगळे मेले तर? ओढावं आणि जिवंतच चिरडले तर? खेकडे बायका धरतात, मासे पुरुष. पाण्याकाठी त्याने सखाबाईला कधी काही विचारलंच नव्हतं.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

सखाबाईने दोन मऊ झिंगे झाकणाच्या टोपलीत ठेवून टोपली काठाला बुडवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोहोचलो. झिंग्यांना लपायला तळाशी कवेलू, म्हणजे कौलं, टाका, एवढं मी शिकवलं होतं. कात टाकल्यावर ते मऊ पडतात म्हणून लपतात, हे सांगायचं राहिलं. जन्म पाण्यात गेलेल्या माणसाला काय सांगायचं, असं वाटलं होतं.

टोपलीतला एक झिंगा कडक झाला होता. दुसरा मेला होता.

"आता यातलं खरं कोणतं?" मोतीलालने मला विचारलं.

"तो काल जाळ्यात दबला होता," सखाबाई म्हणाली.

बाबूलालने जाळं गुंडाळलं. "बोडीत उरले किती, ते सांगा. मले मीटिंगमंदी सांगा लागते."

मोतीलालने माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं. मग तो बायकोकडे वळला.

"कवेलूखाली हात घालून पाह्य बरं."

सखाबाई लुगडं खोचून पाण्यात उतरली, वाकली, बराच वेळ चाचपत राहिली.

"आहेत."

"किती?"

"मऊ आहेत अजून. मोजाले गेली तं मरतीन."