बारावी नोंद

सिद्रामप्पा कसे होते, असं कुणी विचारलं तर गोपाळरावांना धड सांगता येत नाही. सोलापुरातल्या एकाच कार्यालयात दोघांनी चौदा वर्षं काढली. पण सिद्रामप्पांना मुलं किती, घर नेमकं कुठं, हेसुद्धा गोपाळरावांनी कधी विचारलं नाही. माणूस अक्कलकोटकडचा, चहात साखर जास्त आणि राग आला की कानडीत पुटपुटणार. माहिती एवढीच.

कार्यालय कॅन्सरच्या नोंदणीचं होतं. जिल्ह्यात कुणाला कुठला कॅन्सर झाला, कोण त्यात दगावलं, याची दरवर्षी मोजदाद व्हायची. सिद्रामप्पा गावोगाव हिंडून कार्डं भरून आणायचे आणि गोपाळराव टेबलाशी बसून ती तपासायचे. ज्या कार्डाला तपासणीचा कागद नाही, ते परत करायचं, असा तिथला नियम होता.

“तुमचा पेन लई सोवळ्यातला बघा, साहेब,” सिद्रामप्पा चिडवायचे. “कागदाबिगर कुणाला शिवत न्हाय.”

मेंदूच्या कॅन्सरचा रकाना दरवर्षी लहानच असायचा. एकदा गोपाळराव सहज बोलून गेले, “आपल्याकडं हा आजार कमीच म्हणायचा.”

“कमी कुटला ओ!” सिद्रामप्पा उसळले. “लोक त्याला फेफरं म्हणत्यात, लकवा म्हणत्यात, बाहेरचं म्हणत्यात. केम गावात एका बाईवरनं वर्षभर लिंबं उतरवली. स्कॅनच न्हाय तर गाठ दिसंल कशी? आन् कागदावर गाठ न्हाय, म्हणून वरचे म्हणणार, हितं मशीन कशाला?”

त्यामुळं प्रत्येक घरात ते एकच विनवायचे, कागद टाकू नका. माणूस गेलं की त्याच्या आजाराचे कागद घरात ठेवायचे नाहीत, अशी लोकांची समजूत. कुणी चुलीत घालायचं, कुणी नदीत सोडायचं.

मग त्यांच्या बायकोचं, रत्नम्मांचं, डोकं दुखायला लागलं. पहाटे उठल्या की ओकारी यायची. भाकरी थापताना उजवा हात मध्येच थांबायचा. नंतर झटके सुरू झाले. एका खासगी ठिकाणी स्कॅन केलं, त्यात मेंदूत लिंबाएवढी गाठ दिसली. नवव्या दिवशी त्या गेल्या. मृत्यूच्या दाखल्यावर ‘झटके’ एवढंच लिहिलं गेलं.

सात-आठ महिन्यांनी सिद्रामप्पांनी एक कार्ड टेबलावर ठेवलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं. रत्नम्मा, वय एकावन्न. पुराव्याची जागा मात्र कोरी.

“स्कॅन?” गोपाळरावांनी खालमानेनं विचारलं.

“तिच्यापाशी हाय.”

गोपाळरावांना कळलं नाही.

“आमच्या लिंगायतांत माणूस बसवून पुरत्यात की. सासूबाई म्हणाल्या, हे घरात नको. मी फाइल तिच्या मांडीवर ठेवली. ह्या हातानं.” त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला. “साऱ्या जिल्ह्याला शहाणपण शिकवत हिंडलो, साहेब.”

“स्कॅन केलं त्या केंद्रात दुसरी प्रत असेल ना?”

“बंद पडलं ते. कॉम्प्युटर भंगारात गेला म्हणं.”

त्या वर्षी मेंदूच्या रकान्यात अकरा नावं होती. ही बारावी नोंद. गोपाळरावांनी सही केली असती तर कुणी विचारलंही नसतं. पण नियमाचं भय होतं, आणि ओळखीच्या माणसाचं काम केलं म्हणतील याचंही. त्यांनी कार्ड सही न करता परत सिद्रामप्पांपुढं सरकवलं.

सिद्रामप्पा हसले. “उकरून आणू का?”

सिद्रामप्पांनी कार्ड उचललं, शर्टाच्या खिशात नीट घातलं आणि चहा सांगायला गेले. अहवाल अकरावर छापून आला.

त्यानंतर भर दुपारी, जेवून जरा डोळा लागला की गोपाळरावांना ती बाई दिसायची. त्यांनी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. मातीत ताठ बसलेली, मांडीवर फाइल. तक्रार काही नाही. रांगेत नंबर यायची वाट पाहावी तशी बसलेली. पुढं कुठल्याही कार्डावर सही करताना ती समोर असायची. सिद्रामप्पांनी विषय पुन्हा काढला नाही. तेवढ्यानंच गोपाळरावांचा धीर खचत गेला. रोज ठरवायचे, आज म्हणू, ते कार्ड आणा, मी करतो सही. दोन वर्षं गेली.

गेल्या वैशाखात एका गुरुवारी सिद्रामप्पा हृदयविकारानं गेले. गोपाळराव मातीला गेले होते. खड्ड्याच्या फार जवळ त्यांना जाववलं नाही. ते कार्ड कुठं असेल, हे सिद्रामप्पांच्या मुलाला विचारायचंही धाडस झालं नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी सिद्रामप्पा पिशवी खांद्याला लावून दारात उभे होते. कार्यालयात दुसरं कुणी नव्हतं. गोपाळरावांनी पेनाचं टोपण काढलं, घसा साफ केला.

“सिद्रामप्पा...”

“काय ओ?”

“आज कुठं?”

“जेऊर. तीन घरं हायत.”

“ऊन फार आहे. टोपी घाला.”

“घालतो की. तुमी जेवून घ्या, डबा गार व्हायलाय.”