डबा रिकामा म्हणायचा नसतो

सिद्धराम भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावचा. तिथली घरं कागदावर लई देखणी, सरळ रस्ते, सारख्या भिंती. पण गुरं कुठं बांधता, हे नकाशा काढणाऱ्यानं कुणाला विचारलंच नव्हतं. सिद्धरामची आई साखराबाई राहायला गेली आणि म्हशीसाठी आधी मागची भिंत फोडून घेतली. "घर बी त्यांचं, अक्कल बी त्यांची, म्हैस तेवढी आपली," असं ती गवंड्याला म्हणाली, ते लहानग्या सिद्धरामच्या कानात बसलं.

पुढं तो संगणक शिकला आणि लातुरात अनिमेष नावाच्या दोस्ताबरोबर भागीदारीत प्रोग्राम लिहून द्यायचा धंदा करू लागला. लातूर तोवर क्लासेसचं गाव झालेलं. पोरं खोल्या करून राहायची आणि आयांचे डबे सकाळच्या एसटीनं यायचे. सिद्धरामचाही यायचाच. हे डबे कुठं पोचले, परत गेले का, ते मोबाइलवर दिसावं असं काम एका क्लासवाल्यानं दोघांना दिलं. सोमवारी दाखवायचं. पसंत पडलं तर ठीक, नाहीतर सिद्धरामला नोकरीसाठी पुणं गाठावं लागणार, आणि साखराबाई गावात एकटी.

अनिमेषची रीत नवी. आधी चौकोन-बाणांनी कामाचा नकाशा काढायचा, मग त्यावरून यंत्रच प्रोग्राम लिहून देतं.

"नकाशा झाला," तो म्हणाला. "देऊ यंत्राला? वापरायला सोपं का अवघड, ते मागून बघता येईल."

"आमच्या म्हशीचं बी मागूनच बघितलं होतं, भाऊ. चल रेणापूरला, डबे धाडणाऱ्या आयांनाच दाखवू."

जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर मोबाइलच्या पडद्यांची चित्रं, बटणांसकट, काढून दोघं सकाळी रेणापूरच्या स्टँडवर गेले. डबे घेऊन बाया उभ्याच होत्या. त्यांतल्या कुसुममावशींनी पत्रिका हातात धरली, 'डबा दिला'वर बोट ठेवलं, 'गाडी गेली'वर ठेवलं. शेवटच्या बटणावर मात्र हात आखडला. तिथं लिहिलं होतं, 'रिकामा डबा मिळाला'.

"ह्याला मी बोट लावायची न्हाई."

"का वो मावशी? डबा परत येतोय की."

"येतोय. पर रिकामा कुठं? पोरगं चार दाणे साखर टाकून धाडतंय. आन् घरचा डबा रिकामा म्हणावं का? बांगडी फुटली म्हणतो का आपण? वाढली म्हणतो."

मागच्या बायांनी माना डोलावल्या. एकीनं विचारलं, "तुझी आई न्हाई का रे डबा धाडत?"

सिद्धराम लाजला. डब्यात साखर तोही रोज टाकायचा, आणि नकाशात 'रिकामा' त्यानंच लिहिलं होतं.

अनिमेषनं कपाळाला हात लावला. कारण प्रश्न नुसत्या शब्दाचा नव्हता. आधीचा डबा 'रिकामा मिळाला' असं आईनं दाबल्याशिवाय दुसऱ्या दिवशीचा घ्यायचाच नाही, असा नियम त्यांनी घातला होता. म्हणजे एकही आई बटण दाबणार नाही, एकही डबा चढणार नाही, आणि अख्ख्या क्लासची पोरं उपाशी.

"हे सोमवारी कळलं असतं तर?" अनिमेष म्हणाला.

"तर आयांनी आपल्यालाच एसटीनं परत धाडलं असतं. रिकामं."

तिथंच बाकावर बसून त्यांनी तो नियम काढून टाकला, 'डबा घरी पोचला' असं लिहिलं, कुसुममावशींना पुन्हा बोट ठेवायला लावलं आणि मगच नकाशा यंत्राच्या हवाली केला.

सोमवारी क्लासवाल्यानं बघितलं, स्वतःच्या आईच्या हाती दिलं. म्हातारीनं न विचारता सगळी बटणं दाबली.

त्या सांजेला गावच्या स्टँडवर साखराबाईनं डबा उतरवून घेतला. तो रोजच्यापेक्षा जड लागला. उघडला तर काठोकाठ पेढे. तिनं एक तोंडात टाकला आणि शेजारणीला म्हणाली, "पुण्याला न्हाई जात पोरगं."